नंदूदादाच्या गाडीचे कोड

गाडी नंदूदादाची, पैसे नंदूदादाचे. माझ्या वाट्याला आला तो कागद.

नंदूदादा म्हणजे माझा आतेभाऊ. इंदूरच्या सांवेर रोडवर शेव-नमकीनच्या मशिनी बनवायचा त्याचा कारखाना आहे. पन्नाशी उलटल्यावर त्याने पोर्शे ९११ घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात आधी कुणी ते मनावरच घेतलं नाही. मग एक दिवस शोरूमचं कोटेशन आलं आणि ते त्याने जसंच्या तसं माझ्याकडे ढकललं. म्हणाला, "तू पीथमपूरला जन्मभर पार्ट नंबर वाचलेस. यात काय लिहिलंय ते मला माणसाच्या भाषेत सांग."

कागदावर डावीकडे तीन-तीन अक्षरांचे कोड, मधे इंग्रजी वर्णन, उजवीकडे आकडे. दादाची नजर उजवीकडे आणि माझी डावीकडे. हा नोकरीचा परिणाम. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी सांभाळताना एवढं अंगवळणी पडलं होतं, की वर्णन विकणारा लिहितो आणि नंबर बनवणारा वाचतो. वर्णनात 'स्पोर्ट', 'प्लस', 'प्रीमियम' असे शब्द कितीही येवोत, लाइनवर उभा असलेला माणूस ते वाचत नाही. त्याच्यापर्यंत फक्त कोड पोचतो.

दादाला हे पटवायला मी त्याला माझ्याच जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिआपाशी नेलं. डिकीतलं कव्हर उचललं की स्टेपनीच्या खळग्यात एक पांढरं स्टिकर चिकटवलेलं दिसतं. वर चेसिस नंबर, मग इंजिन-गिअरबॉक्सची आणि रंगाची अक्षरं, आणि खाली मुंग्यांच्या रांगेसारखे तीन-तीन अक्षरांचे कोड. यांना पीआर नंबर म्हणतात. फोक्सवॅगन समूहातल्या गाड्यांची ही पद्धत, आणि स्कोडा त्यातलीच. त्या रांगेत मी त्याला ४ए० दाखवला. याचा अर्थ सीट गरम करायची सोय नाही. मग १डी०, म्हणजे ट्रेलर ओढायचा हूक नाही.

"नाही, हे पण लिहितात?" दादाला हसू आलं.

लिहावंच लागतं. रकाना कोरा ठेवला तर गिऱ्हाइकाला नको होतं की लिहिणारा विसरला, हे लाइनवरच्या माणसाला कसं कळणार? म्हणून प्रत्येक गोष्टीचं एक कुटुंब असतं आणि त्या कुटुंबातला एक, आणि एकच, कोड गाडीच्या वाट्याला येतो. सीटच्या उष्णतेचं कुटुंब, छताचं कुटुंब, हूकचं कुटुंब. छतात ३एफए म्हणजे साधं बंद छत. स्टिअरिंग उजवीकडे असेल तर एल०आर, डावीकडे असेल तर एल०एल. २०१२ साली पोर्शेचा गाड्यांचा धंदा पूर्णपणे फोक्सवॅगनकडे गेला आणि त्यानंतरच्या पोर्शेही हळूहळू हीच भाषा बोलायला लागल्या. त्यामुळे दादाच्या कोटेशनवर पुढच्या गरम सीटांसमोर ४ए३ होतं आणि ऑक्टाव्हिआत ती सोय असती, तर माझ्या स्टिकरवरही तेच असतं.

"म्हणजे माझ्या दोन कोटीच्या गाडीत अन् तुझ्या गाडीत एकच माल?"

कोड एकच, माल वेगळा, असं सांगून मी विषय पुढे नेला.

पोर्शेची जुनी भाषा याहून सुटसुटीत होती. 'एम' आणि पुढे तीन अंक, बस. पण त्या तीन अंकांत केवढं काय मावायचं, याचं उदाहरण म्हणजे १९७३ ची कॅरेरा आरएस २.७. शर्यतीच्या नियमात बसवायला अशा ५०० गाड्या बनवायच्या होत्या, प्रत्यक्षात १,५८० बनल्या. ऑर्डर फॉर्मवर एम४७१ लिहिलं तर हलकी 'स्पोर्ट' मिळायची. तिच्यात मागच्या सीट नाहीत, काच पातळ, दार ओढायला पट्टा. अशा गाड्या २००. एम४७२ लिहिलं तर 'टूरिंग', म्हणजे नेहमीच्या ९११ सारखी सजवलेली, अशा १,३०८. आणि एम४९१ म्हणजे थेट शर्यतीची आरएसआर, ५५. आज त्या गाड्यांच्या बाजारात स्पोर्ट आणि टूरिंग यांच्या भावात जो फरक पडतो, तो या एका अंकाचा आहे. म्हणूनच टूरिंगची स्पोर्ट करून विकणारे महाभाग निघाले आणि त्यांना पकडणारेही निघाले, ते कारखान्यातले जुने कागद काढून.

गंमत पुढेच आहे. तोच एम४९१ ऐंशीच्या दशकातल्या ९११ कॅरेरावर दिसला, तर ती शर्यतीची गाडी नसते. तिथे त्याचा अर्थ टर्बोसारखी रुंद बॉडी. म्हणजे नुसता कोड वाचून भागत नाही, शेजारी मॉडेल आणि साल लागतं. पत्रिकेत नुसता मंगळ बघून चालत नाही, कुठल्या घरात आहे तेही बघावं लागतं, हे आत्याला लगेच समजलं. दादाला समजायला जरा वेळ लागला.

अमेरिकन मंडळींनी तर ऑर्डर फॉर्मवरचे कोड थेट गाडीच्या पाठीवर मिरवले. शेव्हरोलेची झेड२८ आणि कॉर्व्हेटची झेड०६ ही नावं आज पोरांच्या तोंडी असतात, पण मुळात ते साधे ऑप्शन कोड. झेड०६ आला १९६३ साली. झेड२८ १९६७ साली, पहिल्या वर्षी अशा कमॅरो विकल्या गेल्या फक्त ६०२.

आता इंदूरच्या माणसाने मनासारखी गाडी मागवण्यात नवल काही नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी तीसच्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे मागवली, तेव्हा कंपनीकडून चेसिस आणि इंजिन घेतलं आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. त्या काळी श्रीमंतांची गाडी अशीच दोन दुकानांतून यायची, त्यामुळे ऑप्शन कोडची गरजच नव्हती. सगळी गाडी हाच एक ऑप्शन. ते राहायचे त्या माणिकबाग पॅलेसचं डिझाइन एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुकाराचं, खुर्च्या-दिव्यांपासून सगळं ठरवून केलेलं. त्याच माणिकबागेत नंतर सेंट्रल एक्साइज आणि कस्टमचं ऑफिस आलं, आता तिथे जीएसटीचे साहेब बसतात. दादाच्या गाडीचा सगळ्यात महाग ऑप्शन त्याच खात्याचा आहे, आणि त्याला कोड नाही.

हिशोब सरळ आहे. चाळीस हजार डॉलरच्या वरची तयार गाडी बाहेरून आणली, तर सीमाशुल्क सगळं धरून ११० टक्के. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के, आणि तो ड्यूटीसकटच्या किमतीवर. म्हणजे जर्मनीत शंभराला मिळणारी गोष्ट आधी २१० ची होते आणि मग २९४ ची. वर रोड टॅक्स आणि विमा वेगळे. मी दादाच्या कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूला ही बेरीज मांडली, आणि त्यानंतर एसीच्या जाळीच्या पट्ट्यांना चामडं, किल्लीला गाडीचा रंग आणि चामड्याची पिशवी, लाल सीटबेल्ट असल्या गोष्टी त्याने स्वतःच खोडल्या. हे सगळे खरेखुरे ऑप्शन आहेत, मी रचून सांगत नाही. पोर्शेत यासाठी वेगळा विभाग आहे. गिऱ्हाइकांच्या खास मागण्या पुरवायची परंपरा तिथे जुनीच, आणि १९८६ पासून ते काम 'एक्सक्लुझिव्ह' या नावाने चालतं.

खोडाखोडी करताना एकच कसोटी मी लावून धरली. नंतर बसवता येतं का? चाकाच्या मधल्या टोप्या, पायाखालचे मॅट, फार तर स्टिअरिंग, हे कधीही बदलता येतं. पण जे गाडीच्या हाडामांसात जातं, ते झुफेनहाउझेनच्या कारखान्यातून निघालं की निघालं. नंतर कुणी "करून देतो साहेब" म्हणालाच, तर त्याच्या नादी लागू नये.

या कसोटीवर पहिली उतरली ती नाक उचलायची सोय. पुढचा ॲक्सल हायड्रॉलिकने साधारण चार सेंटीमीटर वर उचलता येतो आणि कुठे उचलायचं ती जागा गाडी जीपीएसवरून लक्षात ठेवते. दादाचं म्हणणं, हे म्हाताऱ्यांचे चोचले, मी सावकाश काढीन. वाद घालण्यापेक्षा मी मोजलं. शोरूमला गेलो तेव्हा डेमो गाडीच्या पुढच्या चाकापासून नाकाच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर आणि जमिनीपासूनची उंची टेपने घेतली. तिथला मुलगा जरा चमकला, पण काही बोलला नाही. घरी आल्यावर फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन त्या मापाने गाडीच्या पुढच्या भागाचा आकार कापला आणि दादाच्या गेटच्या उतारावर आडवा धरला. उतार जिथे रस्त्याच्या सिमेंटला मिळतो, तिथे पुठ्ठ्याची कड टेकली आणि दुमडली. दादाला म्हटलं, आता चार सेंटीमीटर उचलून धर. दुमडलेली कड सुटली, खाली दोन बोटं जातील एवढी फट राहिली. शेजारचे जोशीकाका कुंपणावरून बघत होते. त्यांनी विचारलं, गणपतीची आरास आत्तापासून?

नाक उचलायची सोय यादीत राहिली. त्याच पुठ्ठ्याने आणखी एक निकाल लावला. गाडी आणखी दहा मिलिमीटर खाली बसवणारं स्पोर्ट सस्पेन्शन दादाने आधी टिकमार्क करून ठेवलं होतं, ते गेलं.

स्पोर्ट क्रोनोवर, म्हणजे गाडी आणखी चपळ करणाऱ्या पॅकेजवर, मात्र आमचं खरं भांडण झालं. कोड ८एलएच. कंपनीच्या आकड्यांत ९११ ची साधी कॅरेरा शून्य ते शंभर ४.१ सेकंदांत जाते, स्पोर्ट क्रोनो घेतलं की ३.९. शून्य दशांश दोन सेकंदांसाठी एवढे पैसे? इंदुरात पलासियाच्या सिग्नलला हिरवा दिवा लागल्यावर पुढचा ई-रिक्षावाला हलेपर्यंतच दोन सेकंद जातात, दशांश तर सोडाच. पण दादाच्या डोक्यात नॅट्रॅक्स होतं. पीथमपूरचा तो हायस्पीड ट्रॅक, ११.३ किलोमीटरचा अंडाकृती, २०२१ मध्ये सुरू झालेला. मी तिथे कामानिमित्त जाऊन आलो आहे. कडेला उभं राहून गाडी जाताना बघितली, तर आवाज आधी जातो की गाडी, हेच कळत नाही. तिथे खासगी गाड्या कधी, कशा आणि किती पैसे घेऊन सोडतात, याची दादाने आधीच चौकशी करून ठेवली होती.

मी म्हटलं, तिथे सरळ धावायचं तर क्रोनोचा उपयोग सुरुवातीच्या झेपेपुरता. पुढे वेग ठरवणार ते इंजिन आणि हवा. पण स्टिअरिंगवरचं ते गोल बटण दाबलं, की वीस सेकंद गाडी सगळ्यात चपळ होते, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. मग मी माघार घेतली. कसोटी माझी असली तरी गाडी त्याची, आणि क्रोनो नंतर नीट बसवता येत नाही हेही खरंच. तेव्हा माझ्याच कसोटीने तो जिंकला.

सिरॅमिक ब्रेकवर फार बोलणं झालं नाही. लोखंडी डिस्कच्या मानाने वजन जवळपास निम्मं, पिवळे कॅलिपर, दिसायला रुबाबदार. पण पुढेमागे डिस्क बदलायची वेळ आली तर काय, असं वहिनींनी विचारलं आणि तो कोड तिथेच संपला. सनरूफचंही तसंच. आपल्याकडे सनरूफ घेतात ते मुलांना वर उभं करायला, आणि ९११ मध्ये ते व्हायचं नाही. शिवाय मे महिन्यातलं इंदूरचं ऊन काचेतून डोक्यावर घ्यायचं कशाला? ३एफए.

सीट मात्र घरात बसून ठरण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून आम्ही आत्यालाही शोरूमला नेलं. तिथे एका गाडीत क्यू१जे कोडची सीट होती, अठरा तऱ्हांनी हलणारी, दोन्ही बाजूंना मांडीला आणि बरगडीला धरणाऱ्या उंच कडा असलेली. वळणावर माणूस हलू नये म्हणून त्या कडा. आत्याचे दोन्ही गुडघे दुखरे. तिने आधी पदर खोचला, दाराची कड धरली आणि पाठमोरी होऊन बसायला लागली, तशी ती उंच कड नेमकी मांडीखाली आली. अर्धवट अधांतरी अवस्थेत ती म्हणाली, "नंद्या, ही खुर्ची आहे की झारा?" विक्रीवाल्या मुलाने बटणं दाबून कडा सैल करून दाखवल्या. तरी उतरताना तिला दोघांनी हात दिला.

शेजारी साध्या कडांची, चौदा तऱ्हांनी हलणारी आरामाची सीट होती. तिच्यात ती एकटी बसली आणि एकटी उठली, जरा कण्हत, पण एकटी. ते बघून वहिनींनी निर्णय देऊन टाकला. त्यावर ४डी३, म्हणजे सीटमधून हवा खेळवायची सोय, ही माझी भर. गरम करायची सोय इंदुरात डिसेंबरातल्या चार सकाळी लागेल, थंड हवा मार्चपासून पाऊस पडेपर्यंत.

रंगाचं प्रकरण वहिनींनी काढलं. त्यांच्या आईची एक माहेश्वरी होती, गडद निळी, काठाला हिरवट झाक असलेली. पोर्शेत 'पेंट टू सँपल' नावाची सोय आहे. त्यात शंभराहून जास्त जुन्या-नव्या रंगांतून निवडता येतं, आणि त्याच्याही वरच्या पायरीवर तुम्ही दिलेल्या नमुन्यावरून अगदी नवा रंग बनवून घेता येतो. "मग भाऊजी, साडीच पाठवू या की," वहिनी अर्ध्या थट्टेत म्हणाल्या. दादा मात्र गंभीर झाला. होळकरांच्या राजधानीतून महेश्वरचा रंग जर्मनीला पाठवायचा, ही कल्पना त्याला चढली.

मी दोन गोष्टी सांगितल्या. नमुन्यावरून बनवलेला रंग आधी तपासून बघतात. धातूवर आणि प्लास्टिकच्या बंपरवर तो सारखा दिसतो का, उन्हात टिकतो का, हे बघण्यात महिने जातात, आणि शेवटी नाही असंही उत्तर येऊ शकतं. दुसरी गोष्ट आपल्या गल्लीतली. उद्या सराफ्यात कुणी स्कूटर घासली, तर तो दरवाजा कोण रंगवणार? यादीतल्या रंगाला कोड असतो, त्या कोडवर रंग मिळतो. रेशमाचा पोत पत्र्यावर येतच नाही, हे वहिनींनाच आधी पटलं. त्यांनी साडी आणि रंगाचे नमुने खिडकीशी नेऊन शेजारी-शेजारी धरले आणि यादीतला जेन्शन ब्लू मेटॅलिक निवडला. काठाच्या हिरव्याचं राहूनच गेलं.

राहिल्या मागच्या सीट. ९११ ची ही आवृत्ती २०२४ च्या मे महिन्यात आली, तेव्हा कंपनीने एक गोष्ट उलटी केली. कूपे, म्हणजे पक्क्या छताची दोन दारी गाडी, मुळातच दोन सीटांची. मागच्या दोन लहान सीट हव्या असतील तर मागायच्या. पैसे जादा नाहीत, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत. त्या सीटांत मोठं माणूस बसत नाही हे खरं. पण दादाची नात चार वर्षांची, आणि तिला सोडून ही गाडी दारातून हललीच नसती. तेव्हा ती टिक आमच्या घरातली एकमेव अशी होती, जिच्यावर चर्चाच झाली नाही.

आणि नेमकी तीच गळली. कशी ते सांगतो, कारण असं कुणाचंही होऊ शकतं.

कंपनीच्या साइटवर गाडी जुळवून झाली, की एक 'पोर्शे कोड' मिळतो, 'पी' पासून सुरू होणारा आठ अक्षरांचा. तो कुणालाही पाठवला, की समोरच्याला तुमची गाडी जशीच्या तशी उघडता येते. सोय उत्तम. पण एक गोष्ट बदलून परत जतन केली, की नवा कोड तयार होतो आणि जुना मरत नाही. दादाने सीट बदलल्यावर एक कोड पाठवला, रंग ठरल्यावर एक, क्रोनोच्या भांडणानंतर एक. व्हॉट्सॲपवर त्याची माळच झाली होती. शोरूमने पक्क्या ऑर्डरचा कागद बनवला तो त्यातल्या मधल्याच कुठल्यातरी कोडवरून. त्यात क्रोनो होतं, रंग बरोबर होता, सीट बरोबर होत्या. मागच्या सीटांची टिक मात्र आम्ही त्यानंतर केली होती.

कागद दादाला सही करून परत पाठवायचा होता. मी तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पट्टी घेतली. एका ओळीखाली पट्टी ठेवायची, कोड मोठ्याने वाचायचा, समोर वहिनी आमची शेवटची यादी घेऊन बसलेल्या, त्या "आहे" म्हणणार. कारखान्यात आम्ही तपासणीचे कागद असेच मिळवायचो, एक वाचणारा आणि एक ऐकणारा. एकट्याने वाचलं, तर डोळे असायला हवं तेच वाचतात. कागद संपला आणि वहिनींच्या यादीत एक ओळ खूण न होता उरली.

दादाने फोन लावला. पलीकडून आधी उत्तर आलं, की सर, ९११ मध्ये मागे सीट असतातच, स्टँडर्ड आहे. आधीच्या आवृत्तीपर्यंत ते बरोबर होतं. मग त्यांनी कंपनीच्या यादीत बघितलं आणि आवाज बदलला. दुरुस्त केलेला कागद दुसऱ्या दिवशी आला. तोही आम्ही पट्टी लावूनच वाचला, सगळाच, कारण एक ओळ घालताना दुसरी हलते, हा माझा जुना अनुभव. या वेळी काही हललं नव्हतं. एका ठरलेल्या तारखेनंतर कारखाना ऑर्डर बंद करतो, मग टोपीचा रंगही बदलता येत नाही. त्या तारखेच्या आत हे झालं, एवढं पुरे.

मधले महिने नुसते वाट बघण्यात गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गाडी आली तेव्हा हार-नारळ, फोटो, पेढे सगळं झालं. मी आधी पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला चेसिस नंबर वाचला. 'डब्ल्यूपी०' म्हणजे पोर्शेची स्पोर्ट्स कार, एसयूव्ही असती तर 'डब्ल्यूपी१'. दहाव्या जागी 'टी', म्हणजे २०२६ चं मॉडेल. अकराव्या जागी 'एस', म्हणजे श्टुटगार्ट. पण या सतरा अक्षरांत सीट कुठली, क्रोनो आहे की नाही, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. जुनी पोर्शे घेताना लोक नुसत्या चेसिस नंबरावर विश्वास ठेवतात, म्हणून सांगून ठेवतो. पूर्वीच्या गाड्यांत पुढच्या बॉनेटखाली आणि सर्व्हिस बुकात ऑप्शनचं स्टिकर असायचं, ते आहे का आणि सालाशी जुळतं का, हे बघावं. आम्ही मात्र तोच ऑर्डरचा कागद घेऊन गाडीभोवती फिरलो. नाक वर-खाली केलं, सीटमधली हवा सुरू केली, मागच्या सीटांची पाठ पाडून उभी केली. नात तोवर आत जाऊन बसलीच होती.

नंबरासाठी गाडी नायता मुंडल्याच्या आरटीओत न्यावी लागली. दादाने ०एनए घेतला होता, म्हणजे मागे मॉडेलचं नाव नको. त्यामुळे पाठीवर दिव्यांच्या पट्टीत कंपनीचं नाव होतं, त्याखाली काही नाही. इन्स्पेक्टर गाडीभोवती एक फेरी मारून आला, फॉर्म बघितला, परत मागे गेला.

"मॉडल कौन सा है? लिखा तो कुछ नहीं है."

दादा अभिमानाने म्हणाला, ते न लिहिण्याचा ऑप्शन आहे. इन्स्पेक्टरने माझ्याकडे बघितलं. मी ऑर्डरच्या कागदावरची ती ओळ दाखवली. त्याने विचारलं, नाव काढायचे पण पैसे लागतात का? या ओळीसमोर शून्य होतं, तेही दाखवलं. मग तो चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट मागायला लागला आणि रंगाच्या रकान्यापाशी आला. जेन्शन ब्लू मेटॅलिक, असं दादा सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगत होता.

त्याने 'ब्लू' लिहिलं आणि पुढची गाडी बोलावली.